नूरच्या मिशा

शनिवार, संध्याकाळ. नेपरव्हिल, शिकागोजवळ.

अजून हसू येतंय. आणि अभिमानही वाटतोय, पण मला कशाचा? मुलगी तर शेजाऱ्यांची.

नूर, आमच्या सानिकाची मैत्रीण, मूळच्या जॉर्डनच्या घरातली. आज आमच्या किचनमध्ये तिचा कॉमेडी व्हिडिओ शूट झाला. काजळाने मिशा काढून ती स्वतःचे बाबा झाली होती. कुणाच्या घरून निघताना 'यल्ला', म्हणजे 'चला', म्हणायचं आणि मग दारातच तासभर गप्पा! सानिका कॅमेरा धरून इतकी हसत होती की दोनदा रीटेक करावा लागला. हे व्हिडिओ नूर खोट्या नावाने टाकते, घरी कळू नये म्हणून.

तेवढ्यात तिचे बाबाच तिला न्यायला आले. मिशा पुसायलाही वेळ मिळाला नाही. त्यांनी फोन मागितला आणि सगळा व्हिडिओ पाहिला.

"मी एवढा बोलतो?"

"नाही बाबा. याहून जास्त."

ते एकदम हसायलाच लागले. मग मला म्हणाले, "माझे वडील अम्मानला असेच दारात उभे राहायचे. हिने त्यांना पाहिलंसुद्धा नाही." आणि त्या काजळाच्या मिशांकडे बघत राहिले.

मग नूरला म्हणाले, "हे कोणाचं नाव लावलंयस? आपलं आडनाव घाल."

मराठी मंडळात कुणी जात ताडायला आडनाव विचारलं की मी अजूनही विषय बदलते. का बदलते?

नूरने तिथेच ओट्याशी उभं राहून आडनाव टाइप केलं. आधी अरबीत, मग इंग्रजीत.