कच्च्या दुधाचं ताक

मंगळवार, दिवेलागण

सकाळी आंबील केली. ज्वारीचं पीठ शिजवून गार केलं, ताक घातलं, लसूण-जिरं वाटून लावलं, माठात ठेवली. ताक घरच्या म्हशीच्या कच्च्या दुधाचंच, तापवलेल्याला तशी चव नाही हा सासूबाईंचा हट्ट. दुपारी आळीत तांब्या-तांब्या वाटली.

आता म्हैस पाण्याला तोंड लावत नाही. बादली पुढे केली की मागे सरते, तोंडातून फेस गळतोय. हे म्हणाले, "ऊन लागलंय तिला, दुसरं काय न्हाई." असेल. पण मागच्या महिन्यात गोठ्यात पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कानावर ओरखडा होता. मीच हळद दाबली. काट्याचा असेल, असं मीच म्हणाले ना?

मघाशी शेजारच्या कमलाकाकू तांब्या द्यायला आल्या. रिकामा कसा द्यायचा म्हणून आत दोन कैऱ्या. "लई झ्याक झालती गं. नातीनं दोनदा मागून पिली. हाय का अजून?"

"संपली," मी म्हणाले.

माठ अर्धा भरलेला आहे. म्हणजे ओरखडा काट्याचा नाही, हे मला 'संपली' म्हणतानाच कळलं होतं. मग काकूंना काही न सांगता जाऊ का दिलं?