पच्चै पोय

३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७
संकल्प: आजपासून 'कोळसा' हा शब्द वापरायचा नाही. (वरचा धरायचा नाही.) कालपर्यंत 'पूर्वतट कोल अँड पेट्रोलियम' असलेली आमची कंपनी आता 'पूर्वतट लाइफ'. जुन्या लोगोतली ज्योत मी आडवी करून हिरवी केली. पान झालं. एमडी विजयेंद्रसाहेब बंगळूरहून फोनवर ब्रिलियंट म्हणाले. कोळसा जळतो तेवढाच, पण आता पानाखाली.

५ फेब्रुवारी
वाईट बातमी. कम्युनिकेशनमध्ये आम्ही दोघं, मी आणि तुळजाजी. मार्चनंतर एकच राहणार. ज्याचं कॅम्पेन चालेल तो. माझं वय बावन्न, लेकीचं, ऋचाचं, कॉलेज अजून दोन वर्षं. बाहेर कोण घेतो? पण घाबरायचं कारण नाही. तुळजाजी तंजावरकडचा; त्याचं मराठी बखरीतलं आणि आयडियाही तशाच. म्हणतो, खरे आकडे छापू. सोलर किती टक्के, तेही छापू. सोलर म्हणजे वॉचमनच्या केबिनवरचं एक पॅनल. त्यावर त्याचा पंखा चालतो, तोही एकवर.

९ फेब्रुवारी
स्लोगन सुचलं. थेट तमिळमध्ये. अकरा वर्षं चेन्नईत उगाच नाही काढली. 'पच्चै' म्हणजे हिरवं, हे भाजीवालीकडून. 'पोय' म्हणजे जाण्यातलं काहीतरी, हे ऑटोवाल्यांकडून. 'पच्चै पोय': चला हिरव्याकडे. तुळजाजी म्हणाला, एकदा नजर टाकू का राव? दाखवलं नाही. आयडिया चोरायची ही जुनी रीत.

१२ फेब्रुवारी
फ्लेक्सवाल्या सुंदरला स्लोगन इंग्रजी अक्षरांत व्हॉट्सअ‍ॅप केलं. त्याचा तीनदा फोन: नक्की हेच ना सार? एमडींची मंजुरी आहे म्हटलं. (आहे. त्यांना तमिळ येत नाही, माझ्यावर विश्वास आहे.) बराच वेळ हसत होता. कामात आनंद मिळणारी माणसं दुर्मीळ.

१७ फेब्रुवारी, दुपारी
अण्णा नगरच्या आमच्या पंपावर चाळीस फुटी फ्लेक्स लागला. गर्दी. लोक सेल्फी काढताहेत. एका आजोबांनी फ्लेक्सला हात जोडले. याला म्हणतात एंगेजमेंट. खुर्ची पक्की.

१७ फेब्रुवारी, ५.४०
तुळजाजी शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "राव, तमिळांत ओ दोन. लांब ओ, तर पोय म्हणजे जाऊन. आखूड ओ, तर पोय म्हणजे खोटं."
मराठीत ओ एकच. इंग्रजीतही मी एकच टाइप केला. सुंदरने तमिळ लिपीत आखूड घातला. आणि 'पच्चै पोय' हा म्हणे इथला रोजचा वाक्प्रचार. अर्थ: धडधडीत खोटं.
आमच्या पानाखाली. चाळीस फूट.

१८ फेब्रुवारी
फ्लेक्स उतरवायला माणसं उद्या मिळणार. तोवर दोन लाख लोकांनी फोटो पाहिला. खुलाशाचे तीन मसुदे: (१) हा विनोद होता. (२) हे आत्मपरीक्षण होतं. (३) चूक सुंदरची. तुळजाजी म्हणतो, चूक दोघांची लिहू, मी जोर करून बघायला हवं होतं. इतका चांगुलपणा संशयास्पद. नको म्हटलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

१९ फेब्रुवारी
विजयेंद्रसाहेब पहिल्या फ्लाइटने आले. लीगलचा रिपोर्ट वाचून दाखवला. नव्या कॅम्पेनमधल्या चौदा दाव्यांपैकी कोर्टात टिकेल असं वाक्य एकच, फ्लेक्सवरचं. ते हसले नाहीत. मी हसलो. नको होतं.

२४ फेब्रुवारी
खुर्ची तुळजाजीला. मला काढलेलं नाही, हे महत्त्वाचं. नवं पद: हेड, एनर्जी ट्रान्झिशन, फील्ड. फील्ड म्हणजे बंदराजवळचं आमचं कोळशाचं यार्ड. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. घरी विद्युलताला प्रमोशन म्हणून सांगितलं. पदात चार इंग्रजी शब्द आहेत, तिलाही मोजून दाखवले. तिने पत्र वाचलं, पत्ता पुन्हा वाचला, आणि माझं कपाट उघडलं.
"अहो, पांढरे शर्ट राहू देत. तिथले डाग निघत नाहीत."