अकरा नंबरचा तुकडा

७ एप्रिल
११ नंबर उगवला. प्लेट भरून यीस्टच्या वसाहती. यीस्टच्या क्रोमोसोमवर डीएनएची नक्कल कुठून कुठून सुरू होते ते शोधतेय, पीएचडीचं चौथं वर्ष. क्रोमोसोमचा एकेक तुकडा डीएनएच्या गोल कड्यावर बसवायचा, कडं यीस्टमध्ये सोडायचं. तुकड्यात सुरुवातीची जागा असेल तर यीस्ट वाढतं, नाहीतर प्लेट कोरी. आतापर्यंतच्या सगळ्या जागा आधीच कुणीतरी शोधलेल्या. ११ माझा एकटीचा. गाईड सरांना फोटो पाठवला. त्यांनी लगेच परिषदेच्या पोस्टरवर घातला.

९ एप्रिल
१२ पण उगवला. १३, १४ पण. ओळीनं इतक्या सुरुवाती? छे.

१० एप्रिल
परवा नुसतं कडंही लावलं होतं, तुकड्याशिवाय. आज तेही उगवलंय. डोकं फिरलं. ११च्या वेळी हे केलंच नव्हतं, मार्चमध्ये नुसतं कडं कोरं आलं होतं, तोच निकाल धरला. आळस, दुसरं काय.
सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशी. आमच्या गोल असतात.

११ एप्रिल
बिबडे. आंबवलेल्या ज्वारीचे पापड, दर उन्हाळ्यात घरी.
रोज सकाळी मायसोबत तीन दिवस भिजून आंबलेली ज्वारी उपसते, तशीच प्रकाशा गावाहून बस, शहाद्याला लॅब. केसांना, ओढणीला तो आंबूस वास. लॅबचं यीस्ट लाडावलेलं, युरासिल हे खाद्य दिलं नाही तर मरतं, ते बनवणारं जनुक कड्यावर असतं म्हणून कडं मिळालं तरच तगतं. ज्वारीवरच्या यीस्टला कशाचीच गरज नाही. आठवडाभर मी बिबड्यांचं यीस्ट मोजत बसले. रडू आलं.
मायला म्हटलं, यंदा मी नाही.
"जवारी आंबी गयी, ती थांबाव नही. तुन्हं यीस्ट कोठे पळी जाई ऱ्हायनं का?"
राग आला. तरी उपसली.

१२ एप्रिल
लॅबमध्येच अंघोळ, धुतलेले कपडे, केस बांधून. ११ परत लावला, शेजारी नुसतं कडं आणि खात्रीनं उगवणारा ३ नंबर.

१५ एप्रिल
नुसतं कडं: कोरं. ११: एकच वसाहत, टाचणीच्या डोक्याएवढी. पेशी गोल, आमच्याच. पण एखादी अशी चुकूनही जगते. आणि ३ नंबरही जेमतेम आला, म्हणजे मुळात पेशींनी कडंच नीट घेतलं नसेल. धड हो नाही, धड नाही नाही.
सर फोनवर, "उगवलं ना? पोस्टर छापायला जातंय."
"११ काढा सर."
सर म्हणाले, "११ काढला तर तुमचं स्वतःचं काय उरतं?"
काढा, असं मी दुसऱ्यांदा म्हणाले नाही.