तीन टिचबटणं

३ फेब्रुवारी

बटण लागत नाही! पिवळ्या रॉम्परचं, दोन पायांच्या मधलं. तीन टिचबटणं आहेत, तिन्ही हटून बसलीत. ओढून लावलं की टिच्च करून उघडतात. दवाखान्यातून लेकीला, आमच्या मुंगीला, घरी आणली ती याच रॉम्परमध्ये, आणि तेव्हा त्यात आणखी एक मुंगी मावली असती. परवापर्यंत लागत होती की बटणं! एका दिवसात? पोरं अशीच एकदम वाढतात म्हणे.

म्हणजे वाढली. बटण कशाला खोटं बोलेल?

पण काल नर्सबाई येऊन गेल्या. काटा मांडला, मुंगीचं सगळं उतरवून तिला त्यावर ठेवलं आणि ओठ मुडपले. ‘दोन किलो नऊशे. सात आठवड्यांच्या मानाने कमी आहे हो. सतरा तारखेला परत येते. तेव्हाही असंच दिसलं तर वरचं दूध सुरू करायचं.’ जाताना म्हणाल्या, ‘दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, लक्ष ठेवा.’

वरचं दूध! आणि तेही माझ्या घरात! डेअरीत रोज दीडशे कॅन तपासणारी मी. फुलपात्रभर पाणी घातलेलं असलं तरी पकडते, दूधवाले टरकून असतात मला. आणि माझंच दूध कमी पडतंय म्हणे. रडले नाही.

रडले थोडी.

४ फेब्रुवारी

ताईने तिच्या पोरांच्या कपड्यांची पिशवी पाठवली. त्यातला ‘तीन ते सहा महिने’ लिहिलेला निळा घातला. तीन ते सहा! खाली बटणं लागली, जेमतेम. वर मात्र गोंधळ. बाह्या हाताखाली लोंबतात, गळा खांद्यावरून घसरतो. वरून ढगळ, खालून तंग. हे कुठलं माप?

ताईला फोन केला. ती म्हणाली, ‘अगं, माझी पोरं विकतच्या डायपरात वाढली. तुझे ते कापडी लंगोट, वर कव्हर, एवढं बोचकं आत असल्यावर बटण कसं लागेल?’ पटलं. पण लंगोट तर पहिल्या दिवसापासून तेच आहेत. मग परवापर्यंत कसं लागत होतं? म्हणजे वाढलीच ना? की नाही? डोकं चालत नाही. झोप पुरत नाही तेव्हा दोन आणि दोनही चार होत नाहीत.

नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, ‘सगळं वजन खाली गेलं असेल. तुझ्यावर गेलीये.’ उशी फेकून मारली.

६ फेब्रुवारी

दुकानात गेले. मुंगीला बाबांजवळ ठेवलं. माझे सासरे – पण बाबा म्हटलं की माझेही बाबाच. टाके दुखत होते म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांनी लंगोट धुवायला घेतले, ते अजून सोडलेले नाहीत. धुतात, वाळवतात, घड्या घालून कव्हरात बसवून कपाटात गठ्ठा रचून ठेवतात. मी फक्त उचलायचं आणि बांधायचं. काचसामानाच्या गोदामात पस्तीस वर्षं पॅकर होते. घडी बघावी तर त्यांचीच. दृष्ट लागावी अशी सासरची माणसं मिळालीत, हे कधीतरी त्यांना सांगायला हवं.

दुकानदार म्हणाला, ‘बाळाचं वय?’

मी म्हटलं, ‘लंगोटासकट की लंगोटाशिवाय?’

त्याने तीन-चार मापं समोर टाकली. शेवटी मोठ्या बुडाचा एक पायजमा घेऊन आले.

७ फेब्रुवारी

बूड बसलं. पाय वीतभर लांब. एका पायात दोन्ही पाय जातात.

९ फेब्रुवारी

दोरीवर कालचे लंगोट मोजले. दहा! नर्सबाईंनी सहा सांगितले होते, आमच्याकडे दहा. दूध पोटात गेल्याशिवाय का लंगोट ओले होतात? बाबांना म्हटलं, ‘बघा, दहा झाले!’ बाबा नुसतं ‘हं’ म्हणाले आणि चिमटे लावत राहिले. त्यांचं नेहमीचंच आहे, बोलणं तोलूनमापून.

आता सतराला काटा आणा नाही तर आणखी काही आणा.

तरीपण. तिला आंघोळीला उघडी करते तेव्हा मला काहीच कळत नाही. कालच्यासारखीच दिसते. परवासारखीच दिसते. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही म्हणतात. म्हणून तर कपडे! कपडा काही रोज बघत नाही.

११ फेब्रुवारी

शिवणवाल्या काकूंकडे गेले, खालच्या मजल्यावर. त्यांनी टेप काढली. छाती साडेतेरा. बूड अठरा. त्यांनी चष्मा पुसला आणि परत मोजलं. छाती साडेतेरा, बूड अठराच.

‘लंगोट सोडून घेऊ का एकदा माप?’

‘नको, गारठा आहे. रडेल.’

काकूंनी टेप गुंडाळली. मग म्हणाल्या, ‘बरं. छातीचं माप लहानच धरते आणि खाली मध्ये कळी घालते.’ कळी म्हणजे दोन पायांच्या मध्ये लावायचा जास्तीचा तुकडा, मलाही आजच कळलं. जुन्या मऊ चादरीतून दोन रॉम्पर आणि एक पायजमा शिवून देणार आहेत. एवढं सोपं होतं! आणि मी आठवडाभर डोकं फोडत बसले.

१२ फेब्रुवारी

आले कपडे. बसले! खांदे खांद्यावर, बाह्या मनगटावर, खाली तिन्ही बटणं लागली आणि उघडली नाहीत. मुंगी अशी गुबगुबीत दिसली की फोटोंवर फोटो काढले आणि ताईला, डेअरीतल्या सगळ्यांना पाठवले. डेअरीतून साहेबांनी लिहिलं, ‘फॅट चांगलं लागलंय!’ दिवसभर हसत होते. बाबांना दाखवलं तर त्यांनी तिच्या गालाला बोट लावलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

१३ फेब्रुवारी

बाबा सकाळीच डोळे तपासायला गेले. कपाटातला गठ्ठा संपला होता, म्हणून घड्या मीच घालायला बसले. दोरीवरून सगळं काढून आणलं. कव्हरं पाच. लंगोट दहा.

असं कसं? दर वेळी एक कव्हर, एक लंगोट. दोन्ही एकदमच बदलतात, एकदमच धुवायला पडतात. पलंगाखाली बघितलं, मशिनमध्ये हात घालून बघितलं, दोरीखाली पडलीत का तेही बघितलं. कव्हरं पाचच. पाच लंगोट बसवले, पाच मांडीवर राहिले. परत मोजलं. मी मोजण्यात चुकत नाही, पगारच मोजण्याचा घेते!

जाऊ दे म्हटलं. त्यातला एक मुंगीला बांधला, वर काकूंचा नवा पायजमा. पायजमा कमरेवरून घसरला. काल घट्ट, आज घसरतोय. तो सावरत तिला तशीच धरून खोलीभर फिरत राहिले.

दुपारी बाबा आले. डोळ्यांत औषध घातलेलं, नीट दिसत नव्हतं त्यांना, पण उरलेले पाच लंगोट त्यांनी हातानेच चाचपले आणि खुर्चीत बसले.

‘एकात एक दोन घालतो मी. त्या दिवशी तिला काट्यावर उघडी बघितली, तेव्हापासून.’

‘दोन कशाला?’

‘हाडं लागतात गं हाताला. उचलली की लागतात. पॅकर माणूस मी, मला बांधायचं तेवढंच येतं. म्हटलं, आपलं टोचू तरी नये तिला खाली.’

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तू इतकी खूश होतीस, बटण लागत नाही म्हणून.’

चिडले, खूप चिडले, पण त्यांच्यावर की कुणावर तेच कळत नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. मी आरसेच बघत फिरले. दहाचे पाच. नर्सबाईंचे सहासुद्धा नाहीत.

१४ फेब्रुवारी

एकच लंगोट बांधला. पिवळा रॉम्पर घातला. तिन्ही टिचबटणं लागली. आत दोन बोटं घालून बघितली, गेली.

नर्सबाईंना फोन केला. म्हटलं, सतरा तारखेची वाट नको, आजच या. काटा आणा. आणि येताना वरच्या दुधाचा डबाही घेऊन या, मला त्यातलं काही कळत नाही.