रक्षासाठी बत्तीस किलो पितळ

बपेरा, पोळ्याचा दुसरा दिवस

चि. रक्षा हिला घनश्याममामाचे भरभरून आशीर्वाद. तू आता पीएच.डी. होऊन डॉक्टर झालीस, तेव्हा 'चि.' लिहावे की 'डॉ.', यावर तुझ्या मामीशी अर्धा तास वाद झाला. शेवटी नाक पुसायला तुला मीच शिकवले, म्हणून 'चि.' कायम ठेवले. तब्येत कशी आहे? तिकडे परदेशात थंडी फार, कानाला बांधत जा. इकडे धानाची रोवणी आटोपली, पीक बरे आहे आणि माझा गुडघा कामाच्या दिवशीच दुखतो. (फोनवर तू नुसती हसतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून हे पत्र.)

मागच्या रविवारी गावाने तुझा सत्कार केला. तू हजर नाहीस, ही अडचण कोणालाच वाटली नाही. शाल मला, नारळ मला आणि भाषणही माझ्याच गळ्यात. तू समजावले होतेस तसेच सांगितले: आपली पोरगी हेलियम वायूचे थेंब करते, इतके थंड की आपला फ्रीज त्यापुढे चूल! ते हवा काढलेल्या नळीतून धावतात, वाटेत चांदीची भट्टी लागते, तिथे उडणारे चांदीचे अणू एकेक करून पोटात घेतात. आत अणू एकमेकांना गाठतात आणि त्यांचा पुंजका होतो. थेंब जरासा आटतो, पण थंडच राहतो. टाळ्या पडल्या. तेवढ्यात गावातल्या टेकचंदने विचारले, एका पुंजक्यात चांदी किती? मी छाती फुगवून म्हणालो, कधी दहा अणू, कधी शंभर, डोळ्यांना दिसतही नाही!

सभा एकदम गंभीर झाली. शेजारच्या सुंदरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "तीन वर्सं झाले पोरगी राबून राहिली, अन् तिले दिसंल इतकी बी चांदी देत नाही का ते लोक?" मी सांगत होतो की थोडक्या अणूंची चांदी कशी वागते, हेच तर तिला पाहायचे आहे. पण ऐकतो कोण? हा पितळी भांड्यांचा भंडारा जिल्हा. धातू कमी पडला की इथे मोडीची भांडी भट्टीत जातात. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात पितळेचा ढीग: पाण्याचे फुटके गुंड, भाताचे बूड गेलेले गंज, कडी तुटलेले घंगाळ. वजन बत्तीस किलो. चांदी नसली म्हणून काय झाले, भट्टी तर तिच्याकडे आहेच, असा गावाचा हिशेब! खरे सांगतो, हसू आवरत नव्हते आणि ऊरही भरून आला होता.

सगळे पोत्यात भरून तुमसरला नेले आणि कुरिअरवाल्यापुढे ठेवले. त्याने 'वस्तूचा उपयोग' हा रकाना भरायला सांगितला. मी 'थंड करणे' असे लिहिले, त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि पोते परत आणले. आता ते कोठीमागे ताडपत्रीखाली आहे आणि गाव रोज विचारते, "पोरीले पोचलं का?" मी म्हणतो, विमानात आहे. ते विमान चार दिवसांपासून उडूनच राहिले आहे.

मामीचा आशीर्वाद आहेच. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा खोटारडा मामा,
घनश्याम

ता.क. मुख्य काम असे. तुझ्या यंत्राशेजारी एखादे पितळी भांडे ठेवून फोटो पाठव, खाली 'मिळालं' लिही. भांडे न मिळाल्यास नळाची तोटी चालेल. गावात माझी लाज राख.

ता.क. दुसरा. पत्र बंद करण्याआधी पोते उपसून पाहिले. तळाशी एक धडधाकट, चिंचेने लख्ख घासलेला पाण्याचा गडवा, छोटा तांब्या, निघाला. तुझ्या बारशाला मीच दिलेला, वर तुझे नाव कोरलेले. तुझ्या आईला विचारले, शकुनताई, हा काहून टाकला? ती म्हणाली, "तिच्या नावाचा हाय, तिच्याजवळ राहू दे. मी त जाऊ शकत नाही." फोटोचे राहू दे, पोरी. दिवाळीला तूच ये.