वरच्या गावातलं बिऱ्हाड

प्रिय दादा,

तू या रविवारी मला खाली न्यायला येणार म्हणून भांडीकुंडी बांधून ठेवली होती, ती काल परत सोडली.

त्याचं असं झालं. आपल्या डोंगरावरच्या गावाची सातशे वर्षांची वेस ढासळायला आली होती. ती दुरुस्त करायला सरकारने गवंडी पाठवला. माझ्याशिवाय गावात कुणी उरलेलं नाही, म्हणून तो आपल्या पुढच्या खोलीत उतरला. माणूस माझ्याच वयाचा, बायको कधीच गेलेली. जेवताना सांगायचा, की जुन्या लोकांनी चुन्याशिवाय दगडात दगड कसा अडकवलाय. जन्मभर मी त्या वेशीखालून पाणी आणलं, पण शिडीवरून वर नेलं ते त्याने. कमानीच्या माथ्यावर, खालून दिसत नाहीत अशी, दोन इवलीशी पावलं कोरलेली आहेत.

"त्या कारागिराला तेव्हा लेक झाली असेल," तो म्हणाला. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

काम संपलं. छिन्न्या गुंडाळताना तो म्हणाला, "अजून बरीच घरं पडायला आलीत."

"मग राहा की."

"लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? गावात आपण दोघंच आहोत."

तो बराच वेळ हसत होता. मग त्याने छिन्न्या पुन्हा बाहेर काढल्या.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू न्यायला नाही, भांडायला येशील. ठरल्याप्रमाणे रविवारी येशीलच. दार तो उघडेल. त्याला भावजी म्हण, म्हणजे तो लाजेल.

तुझी,
म्हातारपणी बिघडलेली धाकटी