ड्राफ्टच्या गुरुवारसाठी एक पाकीट

ईरी,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय टेसा,

फोनवर आपण दोघंही हवामानाशी येऊन थांबतो, म्हणून कागद घेतला. सरोवरावरचा बर्फ गेला, मागचं गवत अजून ओलं आहे, आणि चकने कोणी न सांगता हिवाळी कोट काढून ठेवला. हवामान संपलं. आता महत्त्वाचं. गुरुवारी ड्राफ्ट आहे आणि आपल्या संघाची पाळी चौथी. सतरापैकी चार सामने जिंकले की मिळते ती ही पाळी. जो सगळ्यांत वाईट खेळला त्याने कॉलेजच्या पोरांतून सगळ्यांत आधी निवडायचं, असा नापासांचा सत्कार दुसऱ्या कुठल्या शाळेत होत नसेल. तुझा चक काका परवा म्हणाला, "एडी, आपण इतके सराईत झालोय की हरल्याची लाजसुद्धा वाटत नाही. फक्त पाळी कितवी आली ते विचारायचं." सख्खा भाऊ आहे म्हणून त्याला दारातून आत घेतो.

तू नाताळनंतर घरी आली नाहीस. गुरुवारी येणार का, हे दोनदा विचारायला गेलो आणि दोन्ही वेळा सरोवराच्या पाण्याच्या पातळीवर घसरलो. नाताळच्या रात्री भांडी विसळताना तू मला एक वाक्य ऐकवलंस, त्याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. चार महिने लागले. ते या पत्रात आहे, पण माझ्या पद्धतीने येईल, म्हणजे आधी फुटबॉल आणि मग बाकीचं जग.

तर यंदा आपल्याला काय हवंय? काय नकोय ते विचार, यादी छोटी होईल. आपला क्वार्टरबॅक चेंडू फेकतो चांगला, पण उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडून उघडी पडते, आणि तिथे राखणीला उभा असलेला आपला लेफ्ट टॅकल म्हणजे बागेचं फाटक, येणाऱ्या-जाणाऱ्याला सताड उघडं. गेल्या मोसमात तो बिचारा क्वार्टरबॅक एकावन्न वेळा पाठीवर पडला. चक म्हणतो, डोळे मिटून टॅकल घ्या. ओरेगनचा एक आहे, साडेसहा फूट उंच, त्याचं नुसतं नाव निघालं तरी चकचा आवाज मऊ होतो. पण मी हिवाळाभर सगळ्यांचे खेळ पाहिलेत आणि माझ्या वहीत तो पोरगा अकरावा आहे. अकराव्या माणसावर चौथी पाळी घालवायची, तर तिला निवड कशाला म्हणायचं? आपली पाळी येईल तेव्हा उरलेल्यांत सगळ्यांत चांगला असेल मॅकल्हेनी. तो झेलणारा, आणि झेलणारे आपल्याकडे आधीच तीन आहेत. चक डोक्याला हात लावतो. मी त्याला सांगतो, चांगला माणूस आला की जागा होते. जागा रिकामी आहे म्हणून चांगला माणूस येत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. ते तुझ्या खोलीतल्या पलंगावर अंथरलेलं आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराची जर्सी दुसऱ्या दिवशी सकाळी विकत आणायची ही माझी रीत, आणि तो पोरगा तीन वर्षांत संघाबाहेर गेला की त्या जर्सीला कात्री लावायची ही तुझ्या आईची. अकरा जर्सींची गोधडी शिवली लोरेनने. मधला बावीस नंबर आठवतो? त्या वर्षी आपल्याला धावणारा हवा होता, आणि त्याचे गुडघे बघायची कोणाला सवड नव्हती. कोपऱ्यातला सात नंबर क्वार्टरबॅक होता, आणि आपली निकड अशी की त्याची उंची आपण त्याच्या शब्दावर घेतली. अकराच्या अकरा गरजेपोटी उचललेले. दर वेळी नवा चौकोन जोडताना लोरेन म्हणायची, "चला, तुझ्या संघाने याही वर्षी कोणाला तरी ऊब दिली."

आणि आपला कॉफीचा डबा. ड्राफ्टच्या आधी प्रत्येकाने आपल्या निवडीचं नाव लिहून पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवून डब्यात टाकायचं. चक नाव जाहीर झाल्यावर हळूच आपलं पाकीट बदलायचा, म्हणून तुझ्या आईने नियम केला की डबा फक्त टेसा उघडेल आणि मोठ्याने वाचेल. तू सात वर्षांची होतीस. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभी राहून वाचलंस, आणि माझ्या अक्षरातलं नाव वाचताना तीनदा अडखळलीस. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. आई गेल्यानंतरही तू दर वर्षी कोलंबसहून साडेतीन तास गाडी हाकत आलीस, आणि आपण तिच्या नावाचं कोरं पाकीट डब्यात टाकलं. तो डबा काल मी फळीवरून खाली काढला.

आता नॉर्मा टेडेस्को. हे बघ, नाव लिहिलं आणि कागद जळला नाही. चर्चच्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला पिअरोगी, त्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढते ती नॉर्मा, एवढंच तुला माहीत आहे, आणि ती दक्षिणवाल्यांची, म्हणजे आपल्या हाडवैरी संघाची आहे हे दिसतंच, कारण ॲप्रनसुद्धा त्यांच्याच रंगाचा. आपल्या गल्लीत तीन संघांचे झेंडे गुण्यागोविंदाने फडकतात, पण आपल्या अंगणात दक्षिणवाल्यांपैकी कोणी कधी गाडीसुद्धा लावलेली नाही. दोन वर्षांपूर्वी मी ताट पुढे केलं आणि आपल्या त्या वर्षीच्या निवडीची कैफियत सांगायला लागलो. मागे रांग खोळंबली होती. तिने माझ्या ताटात सहा पिअरोगी टाकल्या आणि म्हणाली, "तुम्ही लोक भुकेल्या पोटी बाजारात जाता. मग दिसेल ते टोपलीत. सरका पुढे, मागच्यांचा मासा गार होतोय." मी पुढे सरकलो, पण जेवताना माझ्या लक्षात आलं की एकतीस वर्षं इंजिनांच्या कारखान्यात दर सोमवारी आम्ही ज्याच्यावर भांडलो ते या बाईने दोन वाक्यांत संपवलं. पुढच्या शुक्रवारी मुद्दाम शेवटी गेलो, म्हणजे मागे रांग नको.

मग नाताळची ती संध्याकाळ. माझ्या आजोबांनी पोलंडहून आणलेली रीत, टेबलावर एक ताट जास्तीचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. एकाहत्तर वर्षांत त्या ताटावर कोणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि लोरेन गेल्यापासून ते ताट कोणाचं झालं होतं हे आपण कोणी बोललो नव्हतो, पण तू त्याच्यापुढे तिचा निळा पेला ठेवायचीस, तो मला दिसत होता. नॉर्मा माझं भांडं परत द्यायला आली. दारात बर्फ पडत होता. लहानपणापासून पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहुणा आला, देव आला, बस." आणि मी तिला तिथे बसवलं. तुझा चेहरा पांढरा झाला तेव्हा मला कळलं, आणि तोवर नॉर्मा मशरूमचं सूप दुसऱ्यांदा मागत होती. चूक माझी, टेसा. तिला त्या ताटाचं काही ठाऊक नव्हतं. नंतर सांगितलं तेव्हा ती माझ्यावर अशी भडकली की विचारू नकोस. "आधी सांगता येत नव्हतं, एडी? मी उभ्या उभ्या प्यायले असते सूप. पोरीच्या आईच्या जागेवर बसवलंस मला." त्या दिवसापासून तिने आपल्या घराची पायरी चढलेली नाही.

आणि तू हातातली बशी पुसत म्हणालीस, "डॅड, तुला नॉर्मा नकोय. तुला घरात कोणीतरी हवंय. गरजेपोटी उचललेला माणूस तीन वर्षं टिकत नाही, हे तूच मला शिकवलंस." सकाळी तू गेलीस. मला राग आला होता, आणि जास्त राग याचा की वाक्य माझंच होतं. मी घरात फिरून पाहिलं. फ्रिजमध्ये चकने आणलेलं काहीतरी, मोज्यांची एकही जोडी नाही, सोफ्यावर एकाच माणसाचा खळगा. भोकंच भोकं. अशा घरातल्या माणसाने मला अमुक एक बाई आवडते म्हणावं, तर त्यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

मग शहाणे संघ काय करतात? एप्रिलात ड्राफ्ट, पण मार्चमध्ये करार संपून मोकळे झालेले जुने खेळाडू घेऊन ते आधी आपली भोकं बुजवतात, म्हणजे निवडीच्या दिवशी पोट भरलेलं असतं. मी तेच केलं. वाचनालयात मंगळवारी स्वयंपाकाचा वर्ग असतो, तिथे नाव घातलं. मला आता सहा पदार्थ येतात, त्यातले चार चक खातो. मोज्यांच्या जोड्या लागल्या. बुधवारी बोलिंगला जातो आणि तिथे माझ्याहून वाईट खेळणारे दोघं आहेत, ते भेटले की बरं वाटतं. एकटेपणाचं भोक पुरतं बुजत नाही, ते तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण आता त्यातून वारा येत नाही.

आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत काहीतरी सोडायचं असतं, तर या वर्षी मी नॉर्मा सोडली. तिला जाऊन तसं सांगितलं. तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "लोक चॉकलेट सोडतात, एडी. बिअर सोडतात. मी काय आहे, गोडाचा पदार्थ?" मग कारण सांगितलं, तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिने ते वाक्य मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "पोरगी तुझ्यापेक्षा हुशार आहे. जा, चाळीस दिवस." सहा शुक्रवार मी दुसऱ्या रांगेत उभा राहिलो, जिथे फक्त मासा आणि कोबी मिळतो. ती पलीकडून बघायची आणि माझ्यामागच्या माणसाला उगाच जास्त पिअरोगी वाढायची. एकतिसाव्या दिवशी बातमी आली की ओरेगनच्या त्या टॅकलचा खांदा दुखावला. माझ्या शेगडीवर मी केलेलं बटाट्याचं सूप होतं, घर झाडलेलं होतं, पोट भरलेलं होतं, चक समोरच बसून गळा काढत होता. कशाचीही गरज नव्हती. आणि माझा हात फोनकडे गेला, कारण ही बातमी ऐकून नॉर्मा काय म्हणेल ते मला ऐकायचं होतं. फोन केला नाही, व्रत म्हणजे व्रत. पण तुझ्या वाक्याचं उत्तर मला त्या दुपारी मिळालं.

ईस्टरच्या सोमवारी तिच्याकडे गेलो आणि गुरुवारचं आमंत्रण दिलं. ती म्हणाली, "टेसाने दार उघडलं तर येईन. तू उघडलंस तर पायरीवरूनच परत." आणखी म्हणाली, बसायला स्वतःची खुर्ची आणेन. सामन्यांना नेतात तसली घडीची, तिच्या पाठीवर दक्षिणवाल्यांचं चिन्ह आहे. मी म्हटलं, चक ती खुर्ची अंगणात पेटवेल. ती म्हणाली, पेटवू दे, पण मी कोणाच्या जागेवर बसणार नाही. तुला ठाऊक आहे, खरोखर मोठा खेळाडू गेला की संघ त्याचा नंबर वर टांगतो आणि पुन्हा कोणाच्या पाठीवर चढवत नाही. लोरेनचा नंबर वर आहे, टेसा. निळा पेला मी काचेच्या कपाटात सगळ्यांत वरच्या खणात ठेवलाय, आणि मी जिवंत असेपर्यंत तो नंबर कोणी घालणार नाही. तिची मला रोज आठवण येते, जास्त करून कात्री दिसली की.

आता हे पत्र कशासाठी ते. कालच मी माझं पाकीट चिकटवून डब्यात टाकलं. त्यात मॅकल्हेनीचं नाव नाही आणि टॅकलचंही नाही, कोणा खेळाडूचंच नाही. एका बाईचं नाव आहे, आणि त्याखाली तिला विचारायचा एक प्रश्न, जो मी आयुष्यात याआधी एकदाच विचारला आहे. तिला यातलं काही माहीत नाही. मला ते तिच्या घरी जाऊन परस्पर विचारता आलं असतं, पण तुझ्या आईचा नियम आहे की डबा फक्त तू उघडशील, आणि तो नियम मी मोडणार नाही. तू आली नाहीस तर डबा न उघडता फळीवर जाईल, त्यावर मी रुसणार नाही आणि फोनवर हवामान सांगत राहीन. पण आलीस, तर आठच्या आत ये, दार तू उघड, आणि सगळ्यांची पाकिटं वाचून झाली की माझं शेवटी वाच, मोठ्याने, नेहमीसारखं. स्टूल अजून तिथेच आहे. अडखळलीस तरी चालेल, पहिल्या वर्षीही अडखळली होतीस.

तुझीच वाट बघणारा, तुझाच,
डॅड